एकशे पंधरा घोडे, दोन गुडघे

आमच्या घराण्यात घोड्याचा संबंध फक्त लग्नात आला, आणि तोही तासाच्या भाड्याने. आजोबांनी जन्मभर सायकल चालवली. वडिलांनी बजाजची चेतक घेतली. तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली, आणि राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव धारण करणाऱ्या त्या स्कूटरला रोज सकाळी कुशीवर आडवं करून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून, मग ते किक मारायचे. माझ्या वाट्याला हॅचबॅक आली. कागदोपत्री सदुसष्ट घोड्यांची. त्यातले काही घोडे एसी लावला की रजेवर जातात, काही वयोमानाने निवृत्त झालेत, आणि उरलेले चढ आला की एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

तरी तिच्यामुळे माझं काही अडत नव्हतं. अडलं ते आईच्या गुडघ्यांचं. हाडांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "खाली वाकून बसावं लागेल अशी गाडी आता नको. सीट कमरेच्या उंचीला हवी." क्रॉसओव्हर नावाच्या गाड्या आपल्याकडे इतक्या का खपतात, हे मला त्या दवाखान्यात कळलं. जाहिरातीत ती गाडी लडाखच्या नदीतून पाणी उडवत जाते. प्रत्यक्षात ती विकली जाते गुडघ्यांवर आणि गतिरोधकांवर. दिसायला उंचीपुरी, छाती काढलेली. आत सांगाडा मात्र साध्या कारचा, आणि ओढायला फक्त पुढची दोन चाकं. जीपचा आव, कारचा जीव. मला असा स्वभाव फार जवळचा वाटतो.

तर गुडघ्यांसाठी गाडी बघायची, एवढंच ठरलं होतं. पण माझा भाचा चाकणला एका कारखान्यात आहे. रविवारी जेवायला आला आणि आमरसाची वाटी पुढे सरकवत म्हणाला, "मामा, घेणारच असशील तर टर्बोच घे."

टर्बो म्हणजे नेमकं काय, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. गाड्यांच्या मागे इंग्रजीत लिहिलेलं असतं, एवढंच ठाऊक. भाच्याने वाटी, चमचा आणि मिठाची डबी मांडून समजावलं. इंजिनात पेट्रोल जळलं की जो तापलेला वायू धुराड्यातून फुकट बाहेर जातो, त्याच्या वाटेत एक छोटं पातं बसवायचं. जाता जाता तो वायू ते पातं फिरवतो, मिनिटाला लाख-दीड लाख फेरे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं पातं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. दाबलेली हवा तापते, म्हणून मध्ये एक इंटरकूलर, म्हणजे हवेला थंड करणारी जाळी. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. इंजिन मात्र तेवढंच, हजार सीसीच्या आतबाहेरचं, तीन सिलिंडरचं.

मी थक्क झालो. आंघोळीचं पाणी कुंड्यांना घालणाऱ्या माणसाच्या डोक्यातूनच ही कल्पना निघालेली असणार! पण नाही. १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरने. त्याचं आजोळ सदाशिव पेठेत होतं का, हे मात्र कुणी तपासलेलं दिसत नाही.

या गाड्यांची लांबी ऐकून तर माझा ऊर भरून आला. यातल्या बहुतेक गाड्या ३९९५ मिलिमीटर लांब असतात. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी. कारण २००६च्या अर्थसंकल्पात 'छोटी गाडी' म्हणून करात सवलत मिळाली ती चार मीटरपर्यंतच्या आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना. ती रेघ अजून तशीच आहे. सप्टेंबर २०२५पासून रेघेच्या आत अठरा टक्के जीएसटी आणि बाहेर चाळीस. म्हणून बंपर छाटायचा, डिकी आखडायची, इंजिन छोटं ठेवायचं, आणि गेलेला जोर टर्बोने भरून काढायचा. कर वाचवण्यासाठी स्वतःला पाच मिलिमीटर आत ओढून घेणारी वस्तू घरात असावी, असं मला मनापासून वाटू लागलं.

भाचा एवढ्यावर थांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण दुसरा आमरस घेता घेता तो म्हणाला, "आणि सहा महिन्यांनी रिमॅप करून टाक. एकशे पंधराचे एकशे चाळीस होतात."

"घोडे?"

"घोडे."

"काय बदलावं लागतं?"

"काहीच नाही. स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. लॅपटॉप लावायचा."

इथे मला एक गोष्ट नमूद केली पाहिजे. वेगाची मला आवड नाही. मी साठच्या वर गेलो की माझे खांदे कानांना लागतात. पण एकशे चाळीस! या वयात आपले बाकीचे सगळे आकडे वाढलेले डॉक्टरांना आवडत नाहीत. साखर, कोलेस्टेरॉल, वजन, वरचं प्रेशर, खालचं प्रेशर. वाढला तरी कुणी गोळी देणार नाही असा हा एकच आकडा शिल्लक होता.

पुढचे काही दिवस मी रात्री बायको झोपल्यावर कानात इअरफोन घालून व्हिडिओ बघत होतो. तिने एकदा कूस बदलून विचारलं, "काय बघताय?" मी म्हटलं, "ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह." ती काही क्षण माझ्याकडे बघत राहिली आणि परत झोपली. दुसरं काही बघत असतो तर कदाचित तिला बरं वाटलं असतं.

ज्ञान वाढलं तसं मी लोकांना छळू लागलो. पीएस आणि बीएचपी हे दोन वेगळे घोडे आहेत, हे मी ऑफिसात डब्याच्या वेळी सांगितलं. बीएचपीचा घोडा ७४५.७ वॉटचा, पीएसचा ७३५.५ वॉटचा. म्हणजे ११५ पीएस म्हणजे ११३ बीएचपी, दोन घोडे वाटेतच गळाले. अकाउंट्सच्या बाईंनी भाजीचा डबा बंद केला आणि तेव्हापासून त्या दुसऱ्या टेबलावर बसतात.

व्हिडिओंत असंही कळलं की टर्बो गाडी जोरात पळवून आणली की लगेच बंद करायची नसते. त्या पात्यांशी भिडणाऱ्या वायूचं तापमान नऊशे अंशांच्या आसपास जाऊ शकतं, आणि इंजिन पटकन बंद केलं तर बेअरिंगमधलं तेल जागच्या जागी करपतं. म्हणून मिनिटभर नुसतं चालू ठेवून निवू द्यावं. गाडी आल्यावर चूक नको म्हणून मी आमच्या जुन्या हॅचबॅकवरच सराव सुरू केला. ऑफिसातून आलो की पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून शांत बसून राहायचो. तिला टर्बो नाही ही गोष्ट वेगळी. वॉचमनने दोन-तीनदा पाहिलं आणि मग वर जाऊन बायकोला विचारलं, "ताई, साहेबांचं घरात काही वाजलंय का? खालीच बसून असतात."

मग टेस्ट ड्राइव्हचा दिवस आला.

शोरूम कर्वे रस्त्याला. गाडीचं नाव सांगत नाही, त्याचं कारण शेवटी कळेल. घराणं युरोपियन, जन्म चाकणचा, एवढं पुरे. मी स्पोर्ट्स शूज घालून गेलो, बरोबर आई आणि बायको. बायकोने आईचा घडीचा वॉकर, मोजायचा टेप आणि तांब्याची बाटली आणली होती. सेल्समन हा बार्शीकडचा, गळ्यात टाय, वय माझ्या इस्त्री केलेल्या शर्टापेक्षा फार जास्त नसावं. मी त्याला विचारलं, "एकशे अठ्ठ्याहत्तर न्यूटन मीटर टॉर्क नेमका कितव्या आरपीएमला येतो?" बायकोने विचारलं, "बाटली दारात बसते का?" त्याने बायकोच्या प्रश्नाचं उत्तर आधी दिलं. पोराला धंदा कळत होता.

गाडी ऑटोमॅटिक होती. मी जन्मात ऑटोमॅटिक चालवलेली नव्हती. "सर, फक्त डावा पाय विसरून जा," तो म्हणाला. "आत, सीटखाली ओढून ठेवा." मी मान हलवली. एवढं काय त्यात?

पहिल्या वळणाला मी इंडिकेटर दिला आणि वायपर सुरू झाले. युरोपियन घराण्यात इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, हे मी अनेक व्हिडिओंत ऐकलं होतं, पण ते कानांनी. हातांना कुणी सांगितलं नव्हतं. भर मे महिन्यात, कोरड्या ठणठणीत काचेवर वायपर फिरवत आम्ही नळ स्टॉपपर्यंत गेलो. सिग्नलला थांबलो आणि इंजिन बंद पडलं.

माझ्या पोटात गोळा आला. शोरूमपासून पुरता एक किलोमीटरही आलो नव्हतो. मी घाईघाईने स्टार्टचं बटण दाबलं. पोरगा ओरडला, "सर, नको!" पण तोवर उशीर झाला होता. सिग्नलला पेट्रोल वाचावं म्हणून गाडी आपणहून इंजिन बंद करते, आणि ब्रेकवरचा पाय उचलला की आपणहून सुरू होते. ती झोपलेली नव्हती, नुसते डोळे मिटून पडली होती. मी बटण दाबून तिला खरोखरचं झोपवलं. सिग्नल हिरवा झाला. मागून जे हॉर्न सुरू झाले त्यात पीएमपीचा एक बसवाला होता, तो हॉर्नवरून हात काढायलाच तयार नव्हता. पार्कमध्ये घाला, ब्रेक दाबा, बटण दाबा, डीमध्ये घाला, असं पोरगं सांगत गेलं आणि मी ते वेगवेगळ्या क्रमाने करत गेलो. डोक्यावरून वनाजकडे मेट्रो गेली. आई मागून म्हणाली, "तिच्यात बसायला पण पायरी नाही म्हणतात."

वनाज गेलं, भुसारी कॉलनी आली. इथून चांदणी चौकाचा चढ. पोरगा म्हणाला, "सर, आता स्पोर्ट मोडला टाका." मी टाकली. पुढचा टेम्पो बाजूला झाला. रस्ता मोकळा! ज्यासाठी इतक्या रात्री जागवल्या तो क्षण. मी ॲक्सिलरेटर दाबला.

काहीच झालं नाही.

हाच तो टर्बो लॅग. धूर जाणार, पातं फिरणार, हवा कोंबली जाणार, मग जोर येणार. या सगळ्याला क्षणभर लागतो. हेही मला पाठ होतं. पण प्रत्यक्ष पायाखाली तो क्षण फार मोठा असतो. मला वाटलं कमी दाबला, म्हणून मी आणखी दाबला. आणि मग पंधरा-वीस सरकारी फायली एकदम मंजूर व्हाव्यात तशी ती गाडी सुटली. काटा वर गेला, पाठ सीटला चिकटली, इंजिनाने आवाज चढवला. इतक्या वर्षांची सवय ती: आवाज चढला की गिअर बदलायचा. माझ्या डाव्या पायाने मला न विचारता क्लच दाबला.

क्लच तिथे नव्हता. तिथे ब्रेक होता. आणि माझा डावा पाय क्लच दाबतो तो थेट जमिनीपर्यंत.

गाडी होती तिथे उभी राहिली. पोराचा टाय खांद्यावर गेला. डिकीतला वॉकर आपटल्याचा आवाज आला. तांब्याची बाटली मागून घरंगळत माझ्या सीटखाली आली. बाजूने एक स्कूटरवाला गेला. त्याने काच खाली करायची खूण केली. मी केली नाही, तरी त्याचं म्हणणं मला ओठांवरून पूर्ण कळलं. बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला आरशात दिसत होतं. शांतता मोडली ती आईने. "ब्रेक चांगले आहेत हो हिचे," ती म्हणाली.

"सर," पोरगा टाय जागेवर आणत म्हणाला, "डावा पाय."

यानंतर मी डावा पाय इतका आत ओढून घेतला की चांदणी चौकात येईस्तोवर त्याला मुंग्या आल्या होत्या. त्या मुंग्यांमुळे म्हणा किंवा चौकामुळे म्हणा, माझा रॅम्प चुकला. यात मी स्वतःला फार दोष देत नाही. २०२२ साली सहाशे किलो स्फोटकं लावूनही जो पूल एका दमात पूर्ण पडला नाही, त्याच्या जागी आता इतके रॅम्प झालेत की रोजची माणसंसुद्धा बावधनला जायला निघतात आणि साताऱ्याच्या दिशेला लागतात. आम्हाला वळून परत शोरूमला यायचं होतं. आम्ही मुंबईच्या हायवेला लागलो.

"सर, हे आपल्या रूटमध्ये नाही," पोरगा म्हणाला.

"आता आहे," मी म्हटलं. एवढं एकच वाक्य मी त्या दिवशी जसं मनात होतं तसं बोललो.

आणि मग मात्र त्या गाडीने दाखवलं. सत्तर, ऐंशी. कुठे कुरकुर नाही, थरथर नाही. एसी चालू, चार माणसं आत, आणि पुढचा ट्रक बघता बघता आरशात गेला. आमच्या हॅचबॅकमध्ये ट्रक ओलांडायचा तर आधी घरच्यांशी चर्चा करावी लागते. माझे खांदे कानांना लागले होते, पण चेहऱ्यावर हसू होतं, असं बायकोने नंतर सांगितलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे ते बरं दिसत नव्हतं.

"हे एवढंच का?" मागून आवाज आला. आईचा. "तुझे वडील चेतकवर मला मागे बसवून खंबाटकी उतरायचे ते यापेक्षा जोरात. मी एका बाजूला पाय टाकून बसलेली, मांडीवर तू."

एकशे अठ्ठ्याहत्तर न्यूटन मीटर एका वाक्यात गेले.

एवढ्यात गाडी टुणकन वाजली आणि पडद्यावर पेट्रोल पंपाचं पिवळं चित्र आलं. "किती जाईल अजून?" मी विचारलं. "सांगता येत नाही सर," पोरगा म्हणाला, "रोज शोरूमपासून वनाजपर्यंतच जाते." शेवटी सूसच्या पुलाखालून वळून पंप गाठला. पंपावरच्या मुलाने विचारलं, "साधं की पंच्याण्णव?" गेले कित्येक दिवस ज्या प्रश्नाची तयारी केली तो कुणीतरी पहिल्यांदाच विचारला होता. ऑक्टेन जास्त असेल तर दाबलेल्या हवेत पेट्रोल वेळेआधी पेट घेत नाही, इंजिन ठोकत नाही, कॉम्प्युटरला जोर आवरता घ्यावा लागत नाही. मी तोऱ्यात म्हटलं, "पंच्याण्णव." शोरूमच्या गाडीत, माझ्या पैशाने. बायकोने पर्समधून पैसे काढले आणि माझ्याकडे न बघता त्याच्या हातात दिले. पुण्यात शंभर ऑक्टेनचंही मिळतं, लिटरला दीडशेच्या वर, हे मी तिला त्या वेळी सांगितलं ही माझी चूक. "त्या भावात शेंगदाण्याचं तेल येतं," ती म्हणाली.

घरी आल्यावर आईचा निकाल लागला: चढायला बरी आहे. बायकोचा निकाल: वॉकर बसतो, बाटली बसते. गाडी पास झाली. मी मात्र त्याच आठवड्यात भाच्याबरोबर भोसरीच्या एमआयडीसीत एका शेडमध्ये गेलो. तिथे गाड्या रुळांवर बांधून जागच्या जागी पळवतात आणि घोडे मोजतात. लॅपटॉपवाला पंचविशीचा, दाढी, हाताला ग्रीस. भाच्याला तो 'ब्रो' म्हणाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "बोला काका."

मी स्टेज वनची चौकशी केली. त्याने नीट सांगितलं: कंपनी इंजिनातला सगळा जोर बाहेर काढत नाही. पेट्रोल देशात कुठलंही भरलं जाणार, उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, माणूस तेलही वेळेवर बदलणार नाही, हे धरून ते बरीच शिल्लक ठेवतात. आम्ही ती शिल्लक काढतो. टर्बोचा दाब थोडा वाढवायचा, ठिणगी पडायची वेळ थोडी अलीकडे आणायची, पेट्रोलचं गणित बदलायचं. स्टेज टूला धुराड्याचा पाइपच बदलायचा, मग आवाजही येतो.

"गाडी आणलीय का काका?"

"अजून घेतलेली नाही."

तो थांबला. त्याने भाच्याकडे पाहिलं. भाचा एका बंपरकडे बघायला लागला.

"रोजचं रनिंग कसं असतं?"

"कोथरूड ते शिवाजीनगर. ऑफिस."

"ॲव्हरेज काय पडतं?"

"सतरा."

"मायलेज ना?"

"दोन्ही," मी म्हटलं. "लिटरलाही सतरा आणि तासालाही सतरा."

त्याने लॅपटॉप मिटला. पोरगा सज्जन होता, हसला नाही. "काका, तुम्ही आधी गाडी घ्या. वॉरंटी संपू द्या. मग या." तेवढ्यात मागे कुणाच्या तरी गाडीचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह सुटला: फुस्स्स! तो आवाज माझ्या बरगड्यांतून गेला. मी हळूच विचारलं, "नुसता आवाज मिळतो का? घोडे नकोत."

"मिळतो," तो म्हणाला, "पण तुम्हाला नाही देणार."

हे सगळं आमच्या सोसायटीत कळायचं कारण म्हणजे लिफ्ट. आमच्या वर एक निवृत्त आरटीओ अधिकारी राहतात. भाचा आणि मी लिफ्टमध्ये दबक्या आवाजात दाबाविषयी बोलत होतो, ते माझ्या रक्तदाबाविषयी आहे असं वाटून साहेबांनी आस्थेने चौकशी केली. खरं कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. निवृत्तीनंतर कुणी त्यांच्या विषयाला हात घातला नव्हता. "कलम बावन्न," त्यांनी सुरुवात केली. "कंपनीने जे नमूद केलंय त्याच्याशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालय, जानेवारी २०१९. आणि एकशे ब्याऐंशी-ए, पोटकलम चार: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही." मजला आला होता, पण त्यांनी लिफ्टचं दार पायाने धरून ठेवलं. "प्रत्येक बदलाला, बरं का. चार बदल, वीस हजार. शिवाय विमा कंपनीला कळवलं नसेल तर क्लेम विसरा."

मी बदल करायचा विचार सोडला. निदान मोठा बदल करायचा.

पण इंटरनेटवर एक वस्तू मिळते. ॲल्युमिनियमची, अंगठ्याएवढी शिट्टी. सायलेन्सरच्या तोंडात बसवायची. धूर तिच्यातून गेला की टर्बोसारखी शीळ वाजते. किंमत तीनशेच्या आसपास. एस, एम, एल, एक्सएल, इंजिनाच्या आकाराप्रमाणे. माझ्या हॅचबॅकला खरं तर एस पुरली असती. मी एम मागवली. दुपारी सगळे झोपलेले असताना ती बसेना, तेव्हा घरातून खलबत्त्यातला बत्ता आणून ठोकली. बसली. पक्की बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघालो तर गाडी गप्प. मला वाटलं फसलो. गेटच्या बाहेर पडून दुसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली, आणि मग ती सुरू झाली. टर्बोची शीळ नव्हे ती. लांब कुठेतरी प्रेशर कुकर विसरलाय, असा काहीतरी आवाज. पौड रोडने जाताना दोन बायकांनी बाल्कनीतून आत वळून पाहिलं. आमच्या गल्लीतली कुत्री, जी आजवर माझ्या गाडीच्या सावलीत झोपायची, ती उठून बसली आणि संध्याकाळी परतल्यावर टाकीपर्यंत पाठलाग करत आली. साहेब खाली फेऱ्या मारत होते. ते थांबले. गाडीभोवती एक फेरी मारली, मागे वाकले, ऐकलं. "पाच हजार," ते म्हणाले, आणि पुढे निघून गेले.

रात्री बॅटरी लावून मी ती काढायला बसलो. उलथन्याचा दांडा वापरला, पक्कड वापरली, शेवटी बायकोची सांडशी वापरली. शिट्टी आणखी एक बोटभर आत गेली आणि तिथेच आडवी अडकली. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने बॅटरीने आत पाहिलं आणि म्हणाला, "सायलेन्सर कापावा लागेल." नवीन गाडीचं बुकिंग झालेलंच होतं, जुनी एक्स्चेंजला जाणार होती, कशाला कापायचा? आईला सांगितलं की बेल्टचा आवाज आहे. ती म्हणाली, "बेल्ट असा मागून वाजतो का रे?"

एक्स्चेंजचं मूल्यांकन करायला शोरूममधून एक माणूस आला, हातात टॅब. त्याने पत्रा ठोकून बघितला, टायर बघितले, आतला मॅट उचलून बघितला, सगळीकडे मान डोलावली. रंग चांगला ठेवलाय म्हणाला. मग इंजिन सुरू करून पायाने रेस दिली. शीळ निघाली. त्याने रेस सोडली. परत दिली. परत शीळ. बॉनेट उघडून कान लावला, खाली वाकला, मागे गेला. मी कुंडीतल्या तुळशीकडे बघत उभा होतो. त्याच्या टॅबमध्ये क्लच, सस्पेन्शन, एसी, सगळ्याचे रकाने होते, शिट्टीचा नव्हता. बराच वेळ विचार करून त्याने 'इतर' वर बोट ठेवलं आणि बारा हजार कमी केले. बायकोने विचारलं, "बेल्टचे बारा हजार?" मी म्हटलं, "हल्ली पार्ट महाग झालेत."

त्याच्याबरोबर तो बार्शीचा पोरगाही आला होता, एक्स्चेंजच्या कागदांवर सही घ्यायला. सही झाली. बायकोने ॲक्सेसरीची यादी त्याच्या हातात दिली: मॅट, मडगार्ड, आईसाठी दाराजवळ धरायला जादाचं हँडल. मी त्याला खाली गेटपर्यंत सोडायला गेलो. तो माझी जुनी गाडी घेऊन निघणार होता. आत बसला, काच खाली केली, आजूबाजूला कुणी नाही असं बघून घेतलं.

"सर," तो म्हणाला, "ती ऑनलाइन मिळते ना? माझ्या बाइकला एस साइज लागेल. लिंक पाठवता का?"